पैलवानाच्या मानेतली गाठ

पैलवान हे नाव लोकांनी ठेवलेलं. राग मात्र त्याचा स्वतःचा, कायम नाकाच्या शेंड्यावर. पंचवीस वर्षं तो कत्तलखान्यात मुंड्या तपासत होता. आकड्याला टांगलेलं जनावर समोर आलं की जबड्याखाली बोटं घालायची, गाठ चाचपायची आणि सुरीने उभी चिरायची. आत घट्ट दह्यासारखा पू दिसला की क्षयाचं जनावर! लाल शिक्का, आणि अख्खं धूड खड्ड्यात. गाठीवर दुसरा इलाज त्याने कधी पाहिलाच नव्हता.

एका सकाळी दाढी करताना तशीच गाठ त्याच्या स्वतःच्या जबड्याखाली लागली. सुपारीएवढी, दाबली की ठणकणारी.

"अहो, अवधाणाची साधी गाठ असेल," बायको म्हणाली. "दवाखान्यात जाऊ या का?"

त्याने हातातला पेला भिंतीवर फोडला. "दवाखान्यात कशाला? शिक्का मारून घ्यायला?"

भ्याला होता, दुसरं काही नाही. पण भ्यायचं कसं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. आठ दिवस घरात भांडी फुटली आणि कामावर एका हमालाचं नाक. नवव्या दिवशी कामाची सुरी घेऊन तो आरशापुढे बसला. जन्मभर दुसऱ्यांच्या गाठी चिरल्या, मग स्वतःची चिरायला डॉक्टर कशाला, हे त्याचं शहाणपण! पातं मानेत घुसलं, रक्ताची धार लागली. बायको किंचाळत धावली आणि तिने पातंच मुठीत धरलं. त्याने सुरीला हिसडा दिला.

शेजाऱ्यांनी दोघांना दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरीणबाईंनी आधी तिचा तळवा शिवला, मग त्याची मान. शेवटी त्याच्या तोंडात बॅटरी मारली. खालची दाढ पार किडलेली.

"अहो, दाढ सडली, घसा सुजला की मानेतल्या गाठी फुगतात. त्या राखण करतात. कधी क्षय असतो, कधी त्याहून वाईट काही, ते तपासून कळतं. इथे चोर दाढेत बसलाय आणि तुम्ही पहारेकऱ्याचा गळा कापायला निघालात!"

दाढ उपटली, गोळ्या झाल्या, पंधरा दिवसांत गाठ विरली. बायकोच्या हातातल्या शिरा मात्र तुटल्या त्या तुटल्याच. चारही बोटं पुन्हा मिटली नाहीत.

आता तिचे केस तोच विंचरतो, कपड्यांची बटणं तोच लावतो. त्याचा हात गळ्याजवळच्या बटणापाशी आला की ती डोळे घट्ट मिटून घेते.