सहाशे परक्या टोपल्या

आमच्या न्यारिगा गावात टोपली विणता येत नाही अशी बाई सापडायची नाही. पण त्या टोपल्या परदेशी धाडायची हिंमत केली ती लामिसीने. बोल्गातांगा शहरातल्या शाळेतली नोकरी सोडून तिने कंपनी काढली, आम्हा चाळीस जणींना काम दिलं. माल घानातच विणलाय असा दाखला जोडला की तिकडे आयात कर माफ. त्या सवलतीवरच आमचा भाव टिकून होता. दाखल्यावर सही लामिसीची.

एका वर्षी तीन हजार टोपल्यांची मागणी आली. विणायचं गवत दक्षिणेकडून येतं, ते महिनाभर उशिरा पोचलं, आणि पोचलं तेव्हा हरमाटनच्या कोरड्या वाऱ्यात काड्या तडातड मोडायला लागल्या. सहाशे टोपल्या कमी पडल्या. लामिसीने कुणाला न सांगता त्या सीमेपलीकडून, बुर्किनातून आणवल्या आणि आमच्या मालात मिसळल्या.

चार महिन्यांनी कस्टमचा एक साहेब एक टोपली घेऊन गावात आला. परदेशातल्या बंदरावर तिचा संशय आला होता. त्याने ती आयिनपोकापुढे ठेवली. आयिनपोका आमच्यातली सर्वांत जुनी. एक काडी वाकडी दिसली तरी अख्खी टोपली उसवायला लावणारी.

"मा, ही तुमची का?"

तिने बुडावरून बोट फिरवलं. विणीची सुरुवातच आमच्या पद्धतीची नव्हती, आम्हाला लांबून दिसत होतं. तिने एकदा लामिसीकडे पाहिलं.

"माझीच. डोळे गेलेत हो, म्हणून अशी गबाळी झाली."

लामिसीची मान खाली गेली. "नाही साहेब. हिच्या हातून असलं काम होत नाही. ही मी पलीकडून आणवली. अशा सहाशे."

सगळ्या मालावर कर बसला, गिऱ्हाईक तुटलं, कंपनी बंद पडली.

लामिसी घरोघर माफी मागत फिरली. आयिनपोकाच्या दारात म्हणाली, "मा, शिव्या दे, पण बोल."

"शिव्या देऊन काय होणार? 'एवढ्या होत नाहीत' म्हणायला जीभ जड झाली होती? आम्ही का खाणार होतो तुला? जन्मात पहिल्यांदा दुसरीचं काम मी माझं म्हटलं. आणि तेही असलं!"

आता आम्ही दर तिसऱ्या दिवशी बोल्गाच्या बाजारात बसतो, व्यापारी म्हणेल त्या भावाला देतो. लामिसी परत शाळेत लागली; शाळा सुटली की येते, गठ्ठे उचलू लागते. कुणी बोलावत नाही, तरी येते. गेल्या बाजारी आयिनपोका म्हणाली, "बस गं, उन्हात काय उभी?"

ती बसली. पण आमच्याकडे पाठ करून.