ड्रोन, गवार आणि परग्रहावरचे पाहुणे

सणसरच्या चहाच्या टपरीवर माझ्याविषयी जी हकिकत रंगवून सांगितली जाते, ती साफ खोटी आहे. म्हणे, परग्रहावरचे यान उतरले असे समजून मी हात जोडले! सांगणारा माझा धाकटा चुलतभाऊ. त्याचा ऊस माझ्या बांधाला लागून आहे.

मी आयुष्यभर विज्ञान शिकवले. पृथ्वीपलीकडे बुद्धिमान जीव असण्याचा संभव मोठा आहे, हे माझे मत. टपरीवर तेच सांगत असता हा मध्येच म्हणाला, "हायती म्हंता, तर मग तात्या, आजपतूर हितं कुणी आलं कसं न्हाय?"

"आपण कालव्याच्या शेपटाला. पाणी इथवर पोचलं नाही, म्हणून धरण कोरडं म्हणतोस का?"

टपरी हसली. हा हसला नाही. पुढच्या सगळ्याचे मूळ तिथे आहे.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो भाड्याच्या ड्रोनने उसावर तणनाशक फवारत होता. लाल-हिरवे दिवे बांध ओलांडून थेट माझ्या गवारीवर आले. उसातले तणनाशक गवारीला विषच. त्याला थांबवण्यासाठी मी दोन्ही हात वर केले.

शाळेतले विज्ञान दिनाचे व्याख्यान दरवर्षी माझे असते. मुख्याध्यापिका माझीच विद्यार्थिनी. टपरीवरची हकिकत ऐकून ती घरी आली आणि चहाच्या कपाकडे पाहत म्हणाली, "सर, पोरं हसतील. यंदा दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"चार दिवस थांब," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी गवारीची पाने मुठीसारखी आखडली. सगळे वाफे गेले, आणि मी तालुक्यातला सर्वांत आनंदी शेतकरी झालो. पुरावा म्हणून एक रोप उपटून आधी मुख्याध्यापिकेला दाखवले, मग टपरीवर त्याच्यापुढे ठेवले.

"वारं फिरलं हो तात्या! गवारीचं भरून देतो."

"भरपाई नको. शाळेत येऊन पहिल्या बाकावर बस."

आला. टेबलावर ते रोप ठेवून मी तासभर बोललो. शेवटी हाच उठला. "फवारा गेला, व्हय. पन हात जोडलं का न्हाय, त्येवढं सांगा."

वर केलेले हात खाली येताना एकमेकांना लागतात. ड्रोन असा त्याच्या डोक्यावर हातभर आला असता, तर त्याचेही हात लागले असते.

"संभव आहे," मी म्हणालो, आणि रोप उचलून घरी आलो.