यादोरावाचं पद

केशोरीच्या महिला भजनी मंडळात अनुसयाबाईंना सगळ्या बुवा म्हणतात. त्यात कुणाला वावगं वाटत नाही, कारण त्यांच्याइतका वरचा सूर आसपासच्या एकाही बुवाला लागत नाही. नवरा सोडून गेला त्याला पंधरा वर्षं झाली. तेव्हापासून दीड एकर धान आणि हे मंडळ त्या एकट्याच सांभाळतात.

तालुक्याची स्पर्धा चार दिवसांवर आली आणि मंडळ अडलं. हुकमी पद यादोरावाचं, म्हणजे त्याच नवऱ्याचं. घरच्या माणसाशी मऊ बोलावं, देवाआधी त्याला जपावं, असा त्याचा आशय. ऐकताना पुरुषसुद्धा डोळे पुसतात, मग घरी जातात. रिवाजाप्रमाणे शेवटच्या ओळीत कर्त्याचं नाव.

"मारकुट्याचं नाव आपण कायले गाऊन राहिलो, मावशी?" ढोलकीवरची हर्षा म्हणाली.

"पद काय मारते का?" पेटीवरच्या सुशिलाबाई म्हणाल्या. "चार दिवसांत दुसरं बसवतेस का तू?"

तोडगा निघाला. यादोरावाच्या जागी अनुसयेचं नाव घालायचं. बाईंनी एकदा म्हणून पाहिलं. चालीत बसलं. सगळ्या खूश झाल्या.

बाईंनी टाळ खाली ठेवले.

"हे लिवलं तवा माहा उजवा हात गळ्यात होता. त्यानंच मोडला होता. वारा होता, म्हनून डाव्या हातानं मीच कागद धरून बसली."

"मंग तं नाव काढाच."

"काढलं तं तो सुटला. लोक म्हनतीन, अडाणी मानूस, त्याले काय समजे. त्याले समजत होतं, हर्षा. पोरालेबी समजन असं सोपं करून लिवलं त्यानं."

"आन् पद?"

"पद चांगलं हाये," बाई म्हणाल्या. हे कबूल करायला त्यांना थोडा वेळ लागला.

स्पर्धेत त्यांनी यादोरावाच्या नावाची ओळ तीनदा घेतली, अक्षर न् अक्षर स्पष्ट. दुसरा नंबर आला. यादोराव या बाईंचे पती, असं परीक्षकांना कुणीतरी सांगितलं होतं. पतीचं नाव इतक्या प्रेमानं घेणारी भक्ती आता दुर्मीळ झाली आहे, असं ते माइकवर म्हणाले. टाळ्या पडल्या.

अनुसयाबाईंनी माइक मागून घेतला. पद लिहिलं तेव्हा हात कुणी मोडला होता, कागद कुणी धरला, एवढंच सांगितलं. परीक्षक आपल्या यादीत पुढचं मंडळ शोधू लागले.

"आता आइका," बाई म्हणाल्या, आणि तेच पद पहिल्या ओळीपासून पुन्हा उचललं. सूर चोख लागला.