शिडी कुणी सोडली

दुपारची भाकरी खाऊन भिवा पत्र्याच्या खोलीत आडवा होतो. उशाशी दिनकर मुकादमाचा कागद आहे. भिवाची बायको हौसा कुणाला न विचारता झाडावर चढली आणि आपल्याच चुकीनं पडून मेली, असं त्यावर लिहिलंय. चार वाजता मुकादम अंगठा घ्यायला येणार. दिला तर फांद्या छाटायचं काम राहील, नाही तर उद्यापासून घरी. भिवाचे डोळे जड होतात.

हौसा चुलीपाशी बांबूची शिडी लावते आहे. डोक्याला फडकं, कमरेला कोयता.

"धरा की! पाहुणे आलात का?"

भिवा खालच्या पायरीवर दोन्ही पाय रोवून शिडी धरतो. वीस वर्षांची त्यांची हीच रीत. त्याचं वजन पडल्याशिवाय हौसा वर पाय टाकत नाही. ती पत्र्यातून वर जाते. वर सोसायटीचा करंज आहे, ती पडली तोच. खाली तिला नेलं त्या दवाखान्याची फरशी, फिनेलचा वास.

"हौसा, त्या दिवशी मी सोडली गं शिडी."

"टेंपो भरायला कुणी बोलावलं तुम्हाला?"

"मुकादमानं."

"आणि मला कोण म्हणालं, चढ, मी धरतो?"

मुकादमाचं ते बोलणं भिवानंही ऐकलं होतं.

"फोन वाजला तसा हात काढला मेल्यानं. मग माझ्या नावावर कशाला घालताय?"

"काम जाईल."

"जाऊ दे! माझं एवढं धूड पेललंत, आणि कागदाला वाकताय?" ती वरून हसते. "नीट धरा, हलतेय."

भिवा जीव खाऊन धरतो.

"भिवा! ए भिवा, उघड!"

भिवा जागा होऊन कडी काढतो. दारात मुकादम, हातात शाईची डबी. "आण अंगठा."

"आधी लिही. चढ, मी धरतो, असं तू तिला म्हणालास. फोन आला तसा हात काढलास."

"स्वप्न पडलं का रे तुला?"

"पडलं. पण तू बोललास ते भर दिवसा, मी टेंपोपाशी उभा असताना. उद्या चौकीत जाऊन हेच सांगणार."

मुकादम त्याचं मनगट पकडून अंगठा शाईकडे ओढतो आणि थबकतो. अंगठ्यात बांबूचं लांब कुसळ रुतलं आहे. भोवतीचं रक्त ओलं आहे. हौसा गेल्यापासून महिनाभर भिवानं शिडीला हात लावलेला नाही.

भिवा हात सोडवून घेतो आणि मूठ मिटतो.