शामलचं न्हाणं

शहराच्या लश्कर भागातल्या मराठी बायकांची डोकी मंदाताईंच्या हातात असत, असं म्हणत, आणि ते काही चेष्टेनं म्हणत नसत. बाळंतिणीला न्हाऊ घालायचं असो, नवरीला तेल-उटणं लावायचं असो, की कुणाच्या डोक्यात खवडे झालेले असोत, सराफ्यापासून महाराज बाड्याच्या चौकापर्यंतच्या घरांतून त्यांच्या मुरारच्या घरी निरोप जायचा आणि मंदाताई सकाळच्या टांग्यानं हजर व्हायच्या. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. "डोकं सीधं धर गं, मी काय तुझा जीव घेतेय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दटावून घेतल्याशिवाय आपले केस स्वच्छ निघत नाहीत, अशी चांगल्या चांगल्या घरच्या बायकांची खात्री झालेली होती.

त्यांचे यजमान उमाजी संस्थानाच्या रिसाल्यात स्वार होते. संस्थान विलीन झालं, फौज मोठ्या फौजेत गेली, आणि जाताना वय झालेल्यांना मागे टाकून गेली. उमाजी मग बाड्यावरच्या एका बँकेच्या दारात स्टुलावर बसायला लागले. घोड्यावर ताठ बसणारा माणूस स्टुलावरही ताठच बसायचा, त्यामुळे बघणाऱ्याला जास्तच वाईट वाटायचं. मंदाताई स्वतः मानसिंगराव सरदारांकडे बाईसाहेबांच्या केसांची सगळी जबाबदारी सांभाळत. जहागीर गेल्यावर सरदारांनी इथला पसारा आवरला आणि मंडळी पुण्याला निघून गेली. निघताना बाईसाहेबांनी मंदाताईंना एक लाकडी खोकं दिलं. त्यात विलायती पोमेडचे दोन डझन डबे होते, झाकणावर मोराचं चित्र.

हेच ते खोकं. पुढचं सगळं त्यातून निघालं.

पोमेड म्हणजे मेण आणि खनिज तेलाचं सुगंधी लोणी. बोटाच्या टोकावर येईल इतकं घ्यायचं, तळहातावर चोळायचं आणि केसांवरून हात फिरवायचा. केस कसेही असोत, काळे कुळकुळीत दिसणार म्हणजे दिसणार. शिकेकाईनं मात्र ते निघत नसे. त्याला आठवड्याला चिमूटभर धुण्याचा सोडा लागायचा. सोड्यानं पोमेड जायचं, त्याबरोबर केसाचा जीवही जायचा, पण वरून पुन्हा पोमेड लावलं की कुणाला काय कळणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. मंदाताईंना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. तीस वर्षं केस हाताळलेल्या बाईला केस तुटतो कुठे आणि का, हे बोटांनाच कळतं. पण सरदारांकडचं काम गेलेलं, आणि "मंदाताईंकडे वाड्यातलं काहीतरी आहे" या बोलण्यावर घरोघरची बोलावणी टिकून होती. एवढ्यासाठी त्या गप्प बसल्या.

ते पोमेड सगळ्यांत जास्त लागलं शामलला. शामल म्हणजे मोतीमहालातल्या सचिवालयात काम करणाऱ्या भालचंद्रपंतांची मुलगी. जन्मल्यापासून तिला मंदाताईंनीच न्हाऊ घातलेलं. स्वतःला मूलबाळ नाही, त्यामुळे जीव सगळा तिच्यावर. चौदा वर्षांची झाली तेव्हा तिनं हट्ट धरला, "मंदाताई, मेरे को भी वही लगाओ ना," आणि मंदाताईंनी डबा उघडला. पाच वर्षं शामलची वेणी रस्त्यावरून जाताना लोक वळून बघत. तिची आई सरोजिनीबाई मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या. मंदाताई शेजारी बसून बघायच्या.

छप्पन्न सालच्या श्रावणात दोन गोष्टी एकदम झाल्या. नवीन राज्य होणार, राजधानी भोपाळला जाणार, म्हणून कचेरीत याद्या लागल्या आणि भालचंद्रपंतांचं नाव भोपाळच्या यादीत निघालं. आणि त्याच महिन्यात ओळखीतल्या इंदुताईंच्या मुलाचं, गोपाळकृष्णाचं, शामलशी जमत आलं. मुलगा ओव्हरसियर, घर लश्करातलंच, माणसं जुन्या वळणाची पण सरळ. सरोजिनीबाईंच्या जिवाला एकच घोर होता. परक्या गावी गेल्यावर मुलीला कोण विचारणार? जे व्हायचं ते इथून हलायच्या आत व्हायला हवं. पितृपक्षात बोलणी नकोत म्हणून इंदुताईंनी दसरा ठरवला.

"पण आमच्याकडे एक रीत आहे हं," इंदुताई हसून म्हणाल्या. "साखरपुड्याआधी मुलीला सासू आपल्या हातानं न्हाऊ घालते. तेल, शिकेकाई, ओटी. मुलीची आई त्या न्हाणीत येत नाही. पाणी द्यायला मुलीकडची एक बाई येते, तेवढीच."

ती बाई मंदाताईच असणार, हे न सांगताही सगळ्यांना कळलं.  शिकेकाईचा हात त्या पोमेडवर पडला की काय होईल, हे तिथे फक्त मंदाताईंना माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शामलला मागच्या अंगणात गाठलं. "आजपासून डबा बंद. रिठा, शिकेकाई, खोबरेल. दुसरं काही नाही."

"क्यों? आताच तर सगळे बघणार ना मला?"

"म्हणूनच."

सात आठवडे होते. मंदाताईंनी शेवटचा सोडा घालून सगळं पोमेड काढलं आणि केस वाळल्यावर दोघींनी ते पहिल्यांदा उघडे पाहिले. वेणी कसली, काथ्याच तो. टोकं दुभंगलेली, मधूनमधून तुटलेले आखूड केस वर आलेले, भांगाजवळ टाळू दिसते एवढी विरळ जागा. शामलनं आरसा पालथा ठेवला आणि कितीतरी वेळ त्याला हात लावला नाही. मंदाताईंच्या मनात आलं, हे मी केलं. पण तोंडातून निघालं ते भलतंच, "होतं असं. धीर धर."

मग सुरू झालं ते आठवड्यातून दोनदाचं न्हाणं. आदल्या दिवशी माक्याचं तेल, सकाळी दही-मेथी, मग रिठ्याचं पाणी कोमट करून, मग शिकेकाई. पहिले पंधरा दिवस केस इतके कोरडे की फणी अडकून बसे. पुढचे पंधरा दिवस ते उलट चिकट, तेल सुटेचना, उशी डागाळायची. शामल म्हणायची, "बस झालं, मंदाताई, अब मेरे से नहीं होगा. थोडंसं लावा ना, एकदाच." मंदाताई नाही म्हणायच्या, आणि गळालेले केस फणीतून काढून, गुंडाळून, सरोजिनीबाईंना दिसायच्या आत पदराखाली घालायच्या. पदर दर वेळी भरायचा. सहाव्या आठवड्यात मात्र गळणं कमी झालं. केस दिसायला अजून गरीबच होते, पण हाताला त्यांत थोडा ओलावा लागत होता. अजून सहा महिने मिळते तर मंदाताईंनी पैज लावली असती. होता एकच आठवडा.

दसऱ्याला सकाळी शामलची वेणी घालताना सरोजिनीबाई आत डोकावल्या. म्हणाल्या, "मंदाताई, आज केस असे निस्तेज का दिसतात हो हिचे?" एवढंच. त्या बाईनं काही वावगं विचारलं नव्हतं. पण मंदाताईंचा धीर तिथेच सुटला. इंदुताईंकडच्या दहा बायका बैठकीत बसणार, त्यांच्यासमोरून पोर अशी जाणार, या विचारानं त्यांनी आपली पिशवी ओढून घेतली. पिशवीच्या तळाशी मोराचा शेवटचा डबा होता, कडेला थोडं उरलेलं. त्यांनी ते बोटानं खरवडून काढलं आणि शामलच्या केसांवरून हात फिरवला. शामलनं मागे वळून पाहिलं आणि हसली. सात आठवड्यांत ती पहिल्यांदाच हसली होती.

बैठकीत सगळं छान झालं. बायकांनी वेणीचं कौतुक केलं. मग इंदुताई शामलला न्हाणीत घेऊन गेल्या, मागून घंगाळातलं पाणी द्यायला मंदाताई.

इंदुताईंनी तेल लावलं, शिकेकाई चोळली, आणि केसांचा लगदा झाला. पोमेड, तेल आणि शिकेकाई यांचा चिकट, राखेरी लगदा, सुटता सुटेना. "हे काय गं बाई," असं पुटपुटत इंदुताईंनी आणखी शिकेकाई घेतली आणि जोरानं चोळलं. सात आठवडे जपलेले केस त्या चोळण्यापुढे टिकले नाहीत. मूठभर केस त्यांच्या हातात आले. मग दुसरी मूठ. मोरीच्या जाळीवर काळं भेंडोळं जमलं आणि पाणी तुंबलं. शामलचे डोळे मिटलेले होते, शिकेकाई जाईल म्हणून. तिला फक्त ओढ लागत होती.

इंदुताईंनी कसंबसं डोकं धुऊन काढलं, पंचा गुंडाळला आणि शामलला आतल्या खोलीत पाठवलं. दार लोटून घेतलं आणि हातातले केस मंदाताईंसमोर धरले. आवाज चढलेला नव्हता. "मंदाबाई, हे काय आहे? खरं सांगा."

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. विलायती मलम लावत होते हो, माझीच चूक. पण मंदाताईंना समोर दिसली ती सोवळ्यातली, जुन्या वळणाची सासू. नखरेल पोर म्हणतील, नटवी म्हणतील, आणि उद्या लश्करभर होईल की मंदाताईच्या हातानं मुलीचे केस गेले. आजार बरा, आजाराला कुणाचा दोष नसतो, असं त्यांना वाटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "टायफॉइड झाला होता हिला," त्या म्हणाल्या. "मोठा. पण आता अगदी ठणठणीत आहे."

इंदुताई खाली पाटावर बसल्या. त्यांनी जाळीवरचं भेंडोळं उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "आमच्या थोरल्या सुनेचे असेच गेले. इंदूरला होती. टायफॉइडमधून उठली, आम्ही म्हटलं बरी झाली. सहा महिन्यांत गेली." त्यांनी ओटीचं तबक तसंच झाकून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी निरोप आला. मुलीचा टायफॉइडचा आजार आधी सांगायला हवा होता, आमचा राग नाही, पण पुन्हा तेच बघायची ताकद नाही. भालचंद्रपंत चिठ्ठी हातात घेऊन उभे. "कसला आजार? कुणी सांगितला?" मंदाताई ओसरीवरच बसलेल्या होत्या, शिकेकाई निवडत. त्या निवडतच राहिल्या.

दुपारी मात्र त्या इंदुताईंच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. खोकं, सोडा, सकाळचा शेवटचा डबा. इंदुताईंनी नीट ऐकून घेतलं. "आधी आजार सांगितलात, आता मलम सांगता," त्या थकून म्हणाल्या. "जे तुम्हाला बरं वाटेल ते सांगाल. मी आता कशावर विश्वास ठेवू, मंदाबाई? उन्हात उभ्या राहू नका, घरी जा."

बोलणं भिंतीआड राहत नाही. "भालचंद्रपंतांची ती आजारी मुलगी" एवढंच लश्करात उरलं, आणि पुढच्या दोन ठिकाणांहून पत्रिका न बघताच परत आल्या. पंत कार्तिकात एकटेच भोपाळला रुजू झाले. घर मिळेपर्यंत मायलेकी इथेच राहिल्या. मंदाताई आठवड्यातून दोनदा येत राहिल्या, काहीही न घेता. माका, रिठा, शिकेकाई. सरोजिनीबाई त्यांना म्हणायच्या, "तुम्ही आहात म्हणून, मंदाताई. बाकी सगळ्यांनी पाठ फिरवली." ते ऐकून मंदाताई रिठ्याचं पाणी ढवळायला घ्यायच्या. खरं काय ते त्यांनी सरोजिनीबाईंना कधी सांगितलं नाही.

फाल्गुनात भोपाळला घर मिळालं. सामान बांधून झालं. निघायच्या दिवशी सकाळी शामल पाटावर येऊन बसली आणि मंदाताईंनी तिचं डोकं धुवायला घेतलं. जाळीवर चार-दोन केसांपलीकडे काही नव्हतं. भांगाजवळची विरळ जागा भरली होती, बोट-दोन बोटं लांबीचे नवे केस, मऊ आणि काळे, कशाचंही लेपण नसलेले. मंदाताईंचा हात त्यांवरून फिरला आणि तिथेच थांबला.

"मला टायफॉइड कधी झाला होता, मंदाताई?" शामलनं खाली मान घालूनच विचारलं.

मंदाताईंच्या हातातला तांब्या घंगाळात बुडाला. "मी बोलले ते," त्या म्हणाल्या. "मीच. माझं नाव जाईल म्हणून. आणि पोमेडही मीच लावलं तुला, ठाऊक असून."

"माहीत आहे. न्हाणीत आपण तिघीच होतो."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर आईनं तुम्हाला परत दारात उभं केलं नसतं. मग हे केस कुणी नीट केले असते? मला दुसरं कुणी ठाऊक तरी कुठंय." शामलनं डोळ्यांवरचं पाणी तळहातानं निपटलं. "आता शिकले मी सगळं. भोपाळला आपलं आपण धुवीन. तुम्ही पोचवायला येऊ नका."

मंदाताईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"पाणी घाला," शामल म्हणाली. "थंड होतंय."

मंदाताईंनी तांब्या बाहेर काढला आणि पाणी घातलं.