विहिरीवरच्या म्हातारीचा अर्धा मार्क

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी अण्णांनी माझा पेपर तपासला... हर्सूलच्या आमच्या घरी, पोह्यांची बशी बाजूला सारून.

अण्णा म्हणजे माझे वडील. देवगाव रंगारीच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि दरवर्षी दहावीचे पेपर तपासायचे. रिटायर झाले, पण खिशातला लाल पेन काही रिटायर झाला नाही.

आणि पेपर म्हणजे माझी या पेजवरची ती पोस्ट... एका जपानी रोलप्लेइंग व्हिडिओ गेमचा रिव्ह्यू. स्मृती हरवलेला तलवारवाला मुलगा, त्याच त्या लढाया, चाळीस तासांचा गेम. बाहेरच्या मोठ्या साइट्सनी पाच-सहा दिले होते, मी ऐटीत दहापैकी तीन देऊन मोकळी झाले.

तुम्हाला सगळ्यात आवडला होता तो विहिरीवरच्या म्हातारीचा विनोद. गेममधल्या एका गावात ती बसलेली असते आणि कधीही बोला, एकच विचारते, "आज धुकं फार आहे ना?" बाहेर लख्ख ऊन असलं तरी! लिहिणाऱ्याला दुसरं वाक्यच सुचलं नाही, असं मी लिहिलं होतं.

अण्णांना ती पोस्ट कुणीतरी फॉरवर्ड केली होती. त्यांनी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर रकाने आखले आणि विचारलं, तीन मार्क कशाकशाचे? मी सांगितलं, संगीताला दोन, चित्रांना एक, गोष्टीला शून्य आणि शेवट फुसका म्हणून त्यालाही शून्य.

मग त्यांनी विचारलं, शेवट कसा आहे?

इथं मी सापडले. कारण मी चौदा तासांतच कंटाळून गेम सोडला होता. शेवट फुसका आहे हे मी दुसऱ्यांच्या रिव्ह्यूंमधून उचललं होतं... आणि लिहिलं मात्र असं, जणू स्वतः पाहिलाय.

त्या पोस्टखाली एका ताईंनी साधं विचारलं होतं, "शेवट तुम्ही स्वतः खेळलात का?" सगळ्यांना उत्तरं दिली, त्यांनाच नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

अण्णा रागावले नाहीत. त्यांनी पेनला टोपण लावलं. मग त्यांनी मला कधीच न सांगितलेली गोष्ट सांगितली. एका वर्षी घाईत एका मुलीची पुरवणी बघायची त्यांच्याकडून राहिली होती. मुलगी नापास झाली, आणि फेरतपासणीत चूक सापडली.

"पास झाली ती नंतर. पण मधले दोन महिने तिच्या घरात काय झालं असंल, ते मला आजबी माहीत नाय," अण्णा म्हणाले. "नापास कर ना, लई खुशाल कर. पण शेवटचं पान बघून."

त्या दिवसापासून ऑफिसातून आले की आम्ही दोघं टीव्हीसमोर. मी खेळायचे, इंग्रजी संवाद मराठीत करून सांगायचे आणि अण्णा शंका काढायचे. हा मुलगा न विचारता लोकांच्या घरात शिरून मडकी फोडतो, त्याला कुणी काही म्हणत कसं नाही? खरं सांगते, इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कधी पडला नव्हता.

आणि त्यांची अट एकच... प्रत्येक टप्प्यानंतर त्या गावात परत जायचं आणि म्हातारीशी बोलायचं. मी वैतागायचे. तेच वाक्य यायचं, आणि अण्णा शांतपणे कागदावर काट मारायचे.

शेवटच्या लढाईच्या आधी पुन्हा गेलो. या वेळी वाक्य बदललं...

"तू दर वेळी येतोस म्हणून विचारते बाळा. धुकं खरंच आहे का? मला दिसत नाही. विचारलं की लोक नुसतं हो म्हणतात आणि निघून जातात."

मी कंट्रोलर खाली ठेवला. ती आंधळी होती आणि मी तिच्यावर अख्ख्या पेजला हसवलं होतं. वारंवार भेटायला गेलं तरच ती हे सांगते. मी एकदाच भेटून पुढे गेले होते. मला मनापासून लाज वाटली.

बाकी शेवट म्हणाल तर तो खरोखरच फुसका निघाला! अण्णांनी शून्य कायम ठेवलं, ग्रेस तर त्यांनी पोटच्या पोरीलाही कधी दिला नाही. फक्त गोष्टीच्या रकान्यात म्हातारीचा अर्धा मार्क मांडला आणि खाली बेरीज केली.

साडेतीन. म्हणजे पस्तीस टक्के... काठावर पास.

जुनी पोस्ट तशीच ठेवली आहे, वर दुरुस्ती लिहिली आहे. आणि त्या ताईंना आज उत्तर दिलं. नव्हता खेळला, आता खेळलाय. विचारलंत म्हणून मनापासून थँक्यू.