न निवडलेले शंभर दाणे

कृषी कार्यालयातल्या त्या तेलुगू मॅडम नसत्या, तर मी केव्हाच कोकणात परत गेले असते. सातवीत शाळा सुटलेली. कामामागे फिरत आदिलाबादला आले आणि एका बियाण्याच्या दुकानाचं गोदाम सांभाळू लागले.

एकदा माझ्या हातून खिडकी उघडी राहिली. पावसाची झड आत आली, ज्वारीच्या पोत्यांना ओल लागली. मालक भडकले. "काऊन उघडी ठेवली वं? बेला गावच्या शेतकऱ्यायले शंभरात नव्वद उगवतीन म्हणून सांगतलं म्या. बी मेलं असन तं तू आपल्या गावाले जाय!"

तपासणीला आलेल्या मॅडम म्हणाल्या, "शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. चार दिवसांनी मोजू."

सत्त्याण्णव उगवले! मी हरखले. मॅडमनी विचारलं, "दाणे कसे घेतले, अम्मा?"

"टपोरे बघून. निवडून." आमच्याकडे बी निवडूनच घेतात ना.

मालक खो खो हसले. "परीक्षेले हुशारच पोरं बसवले हिनं!"

मग मी डोळे मिटून प्रत्येक पोत्यात वर, मध्ये, तळाशी हात घातला आणि हाती आले ते शंभर दाणे घेतले. मॅडमनी खडूनं भिंतीवर आधीच लिहिलं: ८४. "एवढे किंवा कमी आले, तर नव्वदची गोष्ट सोडायची. आकडा आधी लिहायचा. नंतर मन बदलतं."

ते चार दिवस मी जागी होते की झोपेत, कोण जाणे. दुपारी गोणपाटाची कड उचलायची, तर आत पांढरी मुळं, धाग्यासारखी. ओल्या तागाचा वास यायचा आणि गोदामाच्या भिंती विरघळून आमच्या भाताच्या रोपवाटिकेचं पाणी पायांशी हलायचं.

मोजले. सत्त्याऐंशी.

"नव्वद नाहीत," मी पुटपुटले. मॅडमनी भिंतीवरच्या ८४ कडे बोट दाखवलं.

"बियाणं नव्वदचं असलं तरी दर शंभरात नव्वदच येत नाहीत. कधी त्र्याण्णव, कधी सत्त्याऐंशी. चौऱ्याऐंशीपर्यंत घसरणं मात्र क्वचित."

"म्हणजे नव्वद पक्के?"

"पक्के नाही, अम्मा. खोटं म्हणायला कारण नाही, एवढंच."

मला तेवढं पुरलं. मालकांनाही. पोती बेल्याला गेली, मी राहिले.

मॅडमची पुढे बदली झाली. माझं तेलुगू अजून मोडकंच आहे. पण एका हिवाळ्यात त्यांचं घर विचारत विचारत जाईन आणि अंगणात बसून त्यांना गरम हुरडा खाऊ घालीन. हे मी करणारच.